शेवटच्या चौकटीतलं ‘हो’

मंगळवार, ११ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, तिकडेही असेलच. सूनबाईचा खोकला गेला का? झालं, ख्यालीखुशाली संपली. आता तुझ्या त्या पीडीएफकडे वळते.

पत्र हातानं लिहितेय, कारण कागद उघडायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

जाताना माझ्या कम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकून गेलास. “आई, फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही.” व्हायरसची नाही रे, बाकी सगळ्या आहेत! तू पाठवलेला ज्येष्ठ निवासाचा अर्ज उघडला. ज्येष्ठ निवास हा तुझा शब्द, मी वृद्धाश्रमच म्हणते. फोनवर म्हणालास, “फक्त सही करून पाठव.” बघते तर सगळ्या चौकटी कोऱ्या. म्हटलं, विसरला असेल, आपणच भरू. नाव लिहिलं, सेव्ह केलं, पुन्हा उघडलं तर नाव गायब. परत लिहिलं, परत गायब. अख्खी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली माझी. तिथं लिहिलेलं अक्षर असं पळून जात नसे.

शेवटी पीडीएफ उघडणारं दुसरं सॉफ्टवेअर शोधलं. स्वतः! ते इन्स्टॉल करायला एक काळी खिडकी उघडावी लागते, तिच्यात पासवर्ड लिहिताना काहीच उमटेना, तेव्हा कीबोर्ड मेला समजून त्याला दोन चापट्याही मारल्या. मग कळलं, ते तसंच असतं म्हणे. काय डोकं लावलंय एकेकानं!

या नव्या सॉफ्टवेअरमध्ये तोच अर्ज उघडला आणि त्याच चौकटींत उत्तरं दिसली. तू भरलेली. पहिल्या सॉफ्टवेअरला ती दाखवताच येत नव्हती.

एकटी राहू शकते का? नाही. विसरते का? हो. घर सोडण्यास स्वेच्छेने तयार आहे का? हो.

पहिल्यात उघडून पाहिलं, कोरं. दुसऱ्यात, हो. प्रिंट काढली, त्यावरही हो. मी रडले. मग राग आला. मग भूक लागली म्हणून जेवले आणि पुन्हा राग आला.

विसरते, हे खरं आहे. मागे गॅस चालू राहिला तेव्हा तुझा जीव टांगणीला लागला, कळतं मला. त्यानंतर एकदा पुन्हा राहिला. मीही घाबरले. तुला बोलले नाही, कारण बोलले असते तर हाच अर्ज आला असता. न बोलताही आलाच म्हणा.

तर ‘विसरते’ तसंच ठेवलंय. ‘एकटी राहू शकते का’ यावर आपण भांडू. शेवटचं ‘हो’ मात्र पुसलं आणि तिथं लिहिलं, ‘मला कुणी विचारलेलं नाही.’ या सॉफ्टवेअरमध्ये ते सेव्ह होतं. बंद करून, पुन्हा उघडून पाहिलं.

सही केलेली नाही. तू ये. समोर बस आणि विचार. कदाचित मी हो म्हणेनही. पण ते माझ्या तोंडून ऐक.

तुझी, अजून याच घरात असलेली,
आई