यानाला अर्थिंग कुठे दिलंय?

३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर कामाचं विचारलं की मी नुसती हो-हो करते, म्हणून पत्र लिही म्हणालात. घ्या! आमच्या यानाचं इंजिन मागे धन भाराचे कण फेकतं आणि त्या धक्क्याने यान पुढे सरकतं. पण नुसते धन कणच फेकत राहिलं तर यान उणे होऊन बसेल आणि फेकलेले कण परत ओढेल. म्हणून शेजारच्या बारीक नळीतून इलेक्ट्रॉन सोडायचे. ती नळी कुठे बसवायची हे मी कॉम्प्युटरवर लाखो खोटे कण सोडून ठरवलंय. खालच्या मजल्यावरच्या निर्वात टाकीतल्या चाचणीशी माझे आकडे तंतोतंत जुळले. वीस तारखेच्या बैठकीत मंजुरी मिळाली की जागा कायमची पक्की. अहवालावर सही माझ्या एकटीची! सोबत चित्र पाठवतेय. आईला म्हणावं, लेक उगाच खुर्ची उबवत नाही.

माया आहेच, तिच्यात खंड नसावा.
तुमची ठिणगी

८ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. सगळं कळलं, एक शंका राहिली. तुमच्या यानाला अर्थिंग कुठे दिलंय? चित्रात सांगाड्यापाशी अर्थिंगची ती तीन आडव्या रेघांची खूण दिसली. जन्मभर वायरमनकी केली, ती खूण मी झोपेतही ओळखेन. घरात आपण वायर जमिनीत पुरतो. आकाशात जमीन कुठली? आई म्हणते, शिकल्यासवरल्यांना असले प्रश्न विचारू नयेत. मी म्हटलं, मी माझ्या पोरीला विचारतोय.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
बाबा

१३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी खो खो हसले. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीलाही वाचून दाखवलं. मग चित्र उघडून ती खूण पाहिली आणि हसणं तिथेच थांबलं. टाकी जमिनीला जोडलेली असते. तिच्याशी जुळावं म्हणून मीच कॉम्प्युटरवरचं यान शून्य व्होल्टला बांधलं होतं आणि सोडायचं साफ विसरले. नळी अर्धी मिटवली तरी यान आपलं शून्यावर ठाण मांडून! काल ते मोकळं सोडलं, तर सांगाडा उणे उणे होत गेला आणि मंद कण मागे वळून यानाच्याच पॅनेलवर आपटू लागले.

मैत्रीण म्हणाली, टाकीशी जुळलंय ना, मग कोण विचारतंय? मला राग आला तो माझाच, कारण क्षणभर मलाही तसंच वाटलं होतं. उद्या सकाळी साहेबांकडून अहवाल परत मागते. नळी इंजिनाच्या झोताजवळ सरकवली तर जमेल असं दिसतंय. हातात सहा दिवस आहेत आणि मी ते करणार.

आईला एवढ्यात काही बोलू नका. आशीर्वाद असू द्या.
ठिणगी

२१ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

झालं! नळी तीन बोटं झोताकडे सरकवली, आता न बांधताही यान शून्याच्या आसपास स्थिर राहतं. मंजुरी मिळाली. साहेबांनी भर बैठकीत विचारलं, की टाकीलाही न सापडलेली चूक कुणाला सापडली. माझ्या वडिलांना, ते वायरमन आहेत, असं मी सांगितलं. सगळे हसले, साहेब सोडून. त्यांनी अहवाल पुढे ओढला आणि ‘तपासणारा’ या रकान्यात स्वतःच्या हाताने तुमचं नाव लिहिलं. ते पान सोबत आहे. सही करून लगेच पाठवा.

आता तरी आईला सांगा.
तुमची ठिणगी

२६ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

पान मिळालं. चाळीस वर्षं काम मी केलं आणि कागदावर सही ठेकेदाराची पडली. त्यामुळे पानावरचं माझं नाव पुन्हा पुन्हा वाचलं. मग आईला सगळं सांगितलं, ती शेजारी येऊन बसली. पोरी, फार बरं वाटलं.

पण सही केलेली नाही. तपासणारा म्हणजे तपासलेलं असलं पाहिजे, आणि मी फक्त चित्र पाहिलंय. सोमवारच्या गाडीने येतोय. टेस्टर पिशवीत घातलाय. साहेबांना म्हणावं, टाकी उघडून ठेवा.

बाबा