पूर्ण वाक्यात उत्तर लिहा

कुंडल,
१२ डिसेंबर १९७१

प्रिय नाथाजी,

दचकलात ना? मीही दचकले. लग्न झाल्यापासून उखाण्याशिवाय तुमचं नाव कधी घेतलं नाही, आणि आज पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहून बसले. पण खरं सांगायचं तर ते याआधीही एकदा माझ्या हातून लिहून झालंय, आणि तेही नको त्या वाक्यात. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

उन्हाळ्यात सुट्टीवर आलात तेव्हा माझ्या कारकुनाच्या परीक्षेसाठी उतारा कसा सोडवायचा ते तुम्हीच शिकवलंत. पलटणीत शिकलेलं सगळं माझ्यावर ओतलंत. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. परिच्छेदाशेजारी समासात दोनचारच शब्द लिहायचे: कोण, कुठं, काय झालं, कशामुळं. ‘पण’ आला की खाली रेघ ओढायची, कारण गोष्ट तिथं वळते. मी आपली अख्खी वाक्यंच उतरवून काढायची. तुम्ही म्हणायचात, आगं, टिपण काडतीयास का लग्नाची यादी? मी चिडायची, पण तुमच्या माघारी नेटानं शिकले.

परीक्षा साताऱ्याला होती, ऑक्टोबरात. प्रश्न आधी वाचायचे म्हणून वाचले आणि बाकावरच गार पडले. उतारा कृष्णेच्या पुराचा, त्यात दोन नावाडी, एक धुळा आणि दुसरा नाथाजी! जगात नावांचा दुष्काळ पडला होता का हो? समासात मी धुळा लिहिलं आणि दुसऱ्यासाठी ‘ते’. टिपणात ते खपलं. पण शेवटचा प्रश्न होता, म्हातारीला काढायला गेलेला कोणता नावाडी बुडाला? पूर्ण वाक्यात उत्तर लिहा. मी ‘ते बुडाले’ लिहिलं, खोडलं. ‘दुसरा नावाडी’ लिहिलं, तेही खोडलं. पर्यवेक्षक पेपर गोळा करत माझ्या बाकापर्यंत आले. मग घाईघाईनं लिहून टाकलं, म्हातारीला काढायला गेलेला नाथाजी बुडाला.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी तर नाव घेऊन वर बुडवूनही आले. घरी अवाक्षर काढलं नाही. दिवाळीत तुमचं कार्ड आलं, आम्ही पुढं निघालोय म्हणून, आणि नंतर एक ओळ नाही. आता तर लढाईच पेटली. चावडीवर रेडिओ लागला की मी कान झाकून घेते. मला वाटतं, माझ्यामुळंच पेटली. तुम्ही हसाल. हसा खुशाल, पण हसल्याचं कळवा.

काल नेमणुकीचा कागद आला, बुधवारी कोरेगावला हजर व्हायचंय. मी तो चुलीत घालायला निघाले होते. तुम्हाला बुडवून मिळालेली नोकरी कशी करू? आत्याबाईंनी, म्हणजे तुमच्या आईंनी, माझा हात धरला, तेव्हा त्यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता या आकाशपाताळ एक करतील. पण त्या म्हणाल्या, आगं, मी तेंचं नाव कवा तोंडातनं काडलं न्हाई. ह्यो पोटात हुता, ते बर्माला लढायला गेलं, तवाबी न्हाई. तरी आलं का माघारी? आणि दारापर्यंत जाऊन, शेतातून जेवायला हाक मारावी तशी त्यांनी मामंजींना हाक मारली, गुंडाजी! शेजारणी बाहेर आल्या. परत आत येऊन त्यांनी तो कागद माझ्या पेटीत ठेवला आणि म्हणाल्या, जा तू कोरेगावला, आन् त्येला आजच लिव. म्हणून हे पत्र. बुधवारी मी हजर होतेय. कुंडलला पाठवा की कोरेगावला, पण उत्तर पाठवा. नुसतं ‘आहे’ एवढं लिहिलंत तरी चालेल.

तुमचीच,
शालू