बाभळीवरचा भोपळा

११ मे २००२
पोचलो एकदाचे! वडगाव रासाईसमोरचं भीमेतलं हे बेट म्हणजे आमचं गोवा. मऊ वाळू, खंड्या पक्षी, हिरवागार डोह आणि कुरकुंभच्या केमिकल प्लँटचा वास अजिबात नाही. निलोफर बाळंतपणाला माहेरी गेलीय, म्हणून सुट्टी टाकून सुमैयाला घेऊन आलो. पाण्याला फार भिते पोरगी; पोहायला शिकवूनच नेणार. हौसराव आबांनी होडीतून आणलं, कलिंगडाच्या वाडीतली झोपडी दिली. म्हातारा भलता तिरसट! म्हणे, पोहा खुशाल, पन झाडावरचं काय काढू नगा. आता बाभळीवरचं काय काढणार, काटे?

१२ मे
बाभळीला वाळका भोपळा टांगलेला दिसला, दोरीसकट. पोहायला शिकताना पोरांच्या पाठीला बांधतात तसला. हेच लपवत होता होय कंजूष म्हातारा! काढला आणि सुमीला बांधला. काय पोहली! थेट तळाची वाळू मुठीत घेऊन आली. छाती फुगली माझी.
पण भोपळा तर तरंगवतो. ही तळाला गेली कशी?

१३ मे
गाठ सुटेना. विळ्यानंही दोरी कापेना. सुमी म्हणते, राहू द्या अब्बा, ती रागावते.
दुपारी आबा आले. भोपळा बघून होडीतून उतरलेच नाहीत, शिव्याच घातल्या. बुडालेल्या पोराचा भोपळा इथं झाडाला टांगतात, कुणी शिवत न्हाई. हा त्यांच्या नकुशीचा. नको असताना झालेली लेक. मी हातापाया पडलो, आम्हाला पलीकडे न्या. म्हणाले, त्यो पाठीवर हाय तवर पोरगी होडीत घेनार न्हाई, समद्यांना बुडवंल. वर वल्हं उगारलं माझ्यावर! माणूस की कसाई?

१४ मे
सुमी डोहातून निघत नाही. ओढून काढली. अंग माठासारखं गार — दोरी कातडीत रुतलेली. या अल्लाह, माझ्याच हातानं बांधला मी!
आबा लांबूनच ओरडले — बापाच्या पाठीवर कवा बसली न्हाई ती. कुन्या बापानं पाठ दिली तर सोडंल.
म्हटलं, मग तुम्ही द्या की! तिचे बाप तुम्ही!
होडी वळवली त्यांनी.

१५ मे
दिली. म्हटलं, ये बाई, माझ्या पाठीवर बस. गाठ आपोआप सुटली, भोपळा माझ्या पाठीला येऊन चिकटला.
आबांना हाक मारून बोलावलं, सुमीला होडीत घातलं. अब्बा अब्बा करून रडत होती. आबांनी नजर वर केली नाही —
भोपळा जड होतोय. गळ्याभोवती हात. बारके, गार —
सुमी पलीकडे उतरली! चालतेय. दिसली मला. निलोफर, तिला पाण्याजवळ —
मी बसलेलो होतो. आता उभा आहे. पाय माझे, चालवतंय कोण —
कमरेला पाणी. वही भिजते —
कानाशी म्हणते, बाबा, अजून खाली, अजून