मुंग्यांनी धरलेली रेघ

मद्रास, २८ डिसेंबर

नोकरी लागली. इथली पाचवी. फुटबॉलच्या मैदानावर मेस्त्रीच्या हाताखाली. गवत कापणे, पाणी मारणे, रेघा आखणे. आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीचा सामना इथंच व्हायचाय. आपले विरुद्ध परदेशी पाहुणे. एकच सामना, हरेल तो घरी.

शब्द टाकला कृष्णरावांनी. त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहतो मी. तंजावरकडचं मराठी घर, स्वतः रेल्वेत कारकून. म्हणाले, "हेंही सोडलेंस तर सेंट्रलवर नेऊन गाडींत बसवीन." गाडी म्हणजे कोल्हापूर, म्हणजे दादा आणि त्याचं गुऱ्हाळ. नको.

आणि खरं सांगायचं तर या खेपेला सोडायचंच नाहीये. ओल्या गवताला आमच्या पेठेच्या मैदानाचा वास येतो.

३० डिसेंबर

मेस्त्री भला माणूस. मला तंबी म्हणतो, म्हणजे धाकटा भाऊ. त्याचं हिंदी माझ्या तमिळएवढं, म्हणून भांडण होत नाही.

दादाकडून गुळाची ढेप आली. पत्र नाही, नुसता गूळ. खडा खिशात ठेवतो, काम करता करता चघळायला.

फुटबॉल संघटनेचे सेक्रेटरी मैदान बघून गेले. पांढरी पँट, पांढरे बूट, चिखलाला घाबरून टाचेवर चालतात. म्हणाले, सामना नीट पार पडला तर कायम करतो. कायम! मला आजवर कुणी चार दिवसांच्या वर ठेवलेलं नाही.

२ जानेवारी

घोटाळा.

मेस्त्रीनं रेघा आखायच्या फक्कीचं पोतं आणायला पाठवलं. आणलंही. माउंट रोडवर सिनेमाचा भला मोठा फलक रंगवत होते. नटीचा एक डोळा बैलगाडीच्या चाकाएवढा. एक माणूस शिडीवर बसून नुसत्या पापण्या काढत होता. पोतं शेजारच्या हातगाडीवर टेकवलं. पापण्या संपेपर्यंत बघितलं. वळलो तर हातगाडी गेलेली. पोत्यासकट.

सामना उद्या. मैदानावर जुनी फक्की आहे थोडी. मेस्त्रीला अजून सांगितलं नाही.

३ जानेवारी, संध्याकाळ

क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसायचा नाही.

पहाटे जुनी फक्की सगळीकडे पुरली, फक्त उत्तरेच्या गोलसमोरची मोठी डी, म्हणजे पेनल्टीची चौकट, राहिली. धावत घरी. अक्का, म्हणजे कृष्णरावांच्या बायको, दारात कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, घालत होत्या. तमिळ मार्गळीचा महिना, आळीभर बायका हेच करतायत. दाराआड पांढऱ्या भुकटीचे दोन डबे भरलेले. आमच्याकडे रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. मी कशाला विचारू? उचलले. अक्का मागून ओरडल्या, "अरे, अरे, तें कशास?" म्हटलं, "देशासाठी!"

डी झकास आखली. जरा वाकडी, पण झकास. गुडघ्यावर बसलो होतो, खिशातला गूळ पडला. मागाहून कळलं.

दुपारी बघतो तर डीवर कावळे. चिमण्या. कुणाची तरी शेळी. काठी घेऊन धावलो. परत आले. मेस्त्रीनं बोट लावून जिभेवर ठेवलं आणि खाली बसला. "अरिसी माव!" तांदळाचं पीठ! "तंबी, नी लाइन पोट्टिया, साप्पाडु पोट्टिया?" रेघ मारलीस की जेवण वाढलंस?

तोवर संघ मैदानात.

एक-एक बरोबरी. शेवटची दहा मिनिटं. आपला पुढचा गडी चेंडू घेऊन घुसला, पाहुण्यांच्या बॅकनं पाय घातला, आडवा. शिट्टी. पेनल्टी की नुसती फ्रीकिक? सगळे खाली बघतात. रेघच नाही.

पंचानं लाइन्समनला विचारलं, त्यानं मेस्त्रीला, मेस्त्रीनं माझ्याकडे बोट. मी हात हलवत "साधारण इथून... इथं." साधारण शब्दावर पाहुण्यांचा कप्तान भडकला. आणि मला दिसल्या मुंग्या. एकामागे एक, सांडलेले कण वेचत, पांढऱ्या नाही तर काळ्या रंगात आमची डी आखलेली! पंच गुडघ्यावर बसला. पाय घसरल्याची खूण मुंग्यांच्या आत. वीतभर.

पेनल्टी. गोल. दोन-एक.

कप्तान ओरडत होता, मुंग्या चालतात हो, चालतात! ऐकतो कोण. सेक्रेटरींनी मला मिठी मारली, पांढऱ्या शर्टाला चिखल लागला तरी. "काय डोकं लावलंस!"

४ जानेवारी

पाहुण्यांनी तक्रार केली. उद्या अकराला मैदानावरच चौकशी. मंजूर झाली तर सामना पुन्हा. मी साक्षीदार. सेक्रेटरी म्हणाले, "फक्त एवढंच सांग, मुंग्या रेघेवरच होत्या. मग तू कायम."

जेवून मैदानावर गेलो. सहज. आपला गडी पडला त्या जागी गुळाचा खडा. म्हणजे खड्याचा उरलेला तुकडा. रेघेच्या बाहेर, दोन हातांवर.

मुंग्या रेघ सोडून गुळाकडे वळल्या होत्या तर. तिथंच. म्हणजे पाय खऱ्या रेघेच्या बाहेरच घसरला होता.

येताना पाहुण्यांच्या हॉटेलवरून आलो. तो बॅक पायरीवर एकटा. मला ओळखलं. बोटानं जमिनीवर रेघ काढली, पाय बाहेर ठेवून दाखवला. मान हलवली. मी खिशातला दुसरा खडा दिला. खाल्ला. आवडला. आणखी मागितला.

५ जानेवारी, सकाळ

अक्का कोलम घालताना जवळ बसलो. पिठाबद्दल अजून रागावलेल्या.

"अक्का, मुंग्या रेघेवरनं सरळ जातात का हो?"

"पीठ त्यांच्याचसाठीं घालतों की. पण गोड दिसलें कीं वळणार. तुझ्यासारख्याच."

कृष्णराव बूट घालत होते. "काय सांगणार आहेस रे तिथें?"

"बघतो."

"बघूं नकोस. बघत राहिलास म्हणून पोतें गेलें."

मैदानावरून उचललेला गुळाचा तुकडा रुमालात बांधून घेतलाय. खायला नाही. ट्रंक भरून दाराशी ठेवलीय, तीही उगाच. अक्कांनी बघितली, वर दह्याभाताचा डबा ठेवला.

बस एकच. आधी मैदानाचा थांबा, पुढं सेंट्रल. वाटेत माउंट रोड. नटीचा दुसरा डोळा आज रंगवतायत म्हणे. तिकडं बघायचं नाही.