जपमाळेवर मोजलेले वेढे

गेल्या सोमवारी पोस्टाने आले ते: वेढे मोजायचे आकडे-यंत्र एक, रु. ६४०, केसासारखी बारीक तांब्याची तार पाव किलो, रु. ४९०, टपालखर्च रु. ७०. एकूण रु. १२००. यातल्या आकडे-यंत्रामुळे आधी लिहून ठेवलेले मृत्युपत्र मी फाडले. हे नवीन.

मी, शालूबाई धनाजी थोरवडे, वय ६३, मॅट्रिक पास, काम घरचेच, राहणार इस्लामपूर, ता. वाळवा, जि. सांगली, कुलस्वामीला स्मरून लिहिते. पोटात गाठ आहे. सांगलीचे डॉक्टर उन्हाळ्यापलीकडचे काही बोलत नाहीत. डोके ठिकाणावर आहे. कुणी दमदाटी केली नाही, कुणी गोड बोलूनही लिहून घेतलेले नाही.

कलम १. दोन खोल्यांचे राहते घर व पुढचे दुकान माझ्या नावावर आहे. दुकानात माझे यजमान तार गुंडाळायच्या यंत्रावर विहिरीच्या जळालेल्या मोटरी नव्या तारेने भरून देत. त्यांच्यामागे मुलगा कुणाल याने त्याच यंत्रावर गिटारचे पिकअप भरायला घेतले. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवायची लोहचुंबकाची पट्टी. तिच्याभोवती बारीक तार हजारो वेढे गुंडाळली की आवाज पकडते. स्वस्तातल्या गिटारीचे पिकअप शिट्टी मारतात. कुणाल ते उकलायचा, नवी तार भरायचा आणि मेणात बुडवायचा. मेण मी देवघरातले उरलेले द्यायची, विकतचे आणू दिले नाही. यजमान असते तर म्हणाले असते, "मोटर जळली तर पीक वाळतंय, ह्यो डबा जळला तर काय वाळतंय रं?" पण घर त्यावरच चालले.

कलम २. हे घर, दुकान, यंत्र आणि तार, सर्व माझी सून स्वप्ना कुणाल थोरवडे हिला द्यावे. ती कवठे महांकाळला भावाकडे असते, बेदाणा निवडायला जाते. फारकत झालेली नाही. ती का गेली ते पुढे लिहिते. सर्व नातेवाइकांना तिच्याविषयी जे सांगितले गेले ते खोटे आहे, आणि तो खोटेपणा माझा आहे.

कलम ३. काम दोघांचे. कुणाल बोटांनी तारेला वाट द्यायचा आणि दुसऱ्याने हँडल फिरवून मोजायचे. त्याच्या लग्नाआधी मोजायला मी होते. एक फेरा, एक मणी. आमच्या महाराजांनी लहानपणी शिकवले की माळ एकशेआठची, पण धरायची शंभर. वरचे आठ मणी चुकल्यामाकल्याचे, ते देवाकडे जमा. पंचावन्न वर्षांच्या जपात मी तसेच मोजले आणि यंत्रावरही तसेच. गिऱ्हाइकाला साडेसात हजार वेढे हवे असले की पंच्याहत्तर माळा. माल नावाजला गेला. पुढे माझे गुडघे गेले, मग स्वप्ना मोजायला बसली. तिने वहीत शंभराला एक रेघ ओढून मोजले. तिच्या हातचे बारा पिकअप पहिल्याच पार्सलात परत आले, आवाज पातळ म्हणून. कुणालने तारेला मीटर लावले तर माझ्यापेक्षा तिचे वेढे कमी भरले.

तो तिला म्हणाला, "मी तारंकडं बघत हुतो, मोजायचं तुझ्याकडं हुतं. वेढं चोरलंस."

ती माझ्याकडे वळली. "आत्या, तुमी तरी सांगा."

मी म्हणाले, "माझी माळ चुकत न्हाई."

एवढेच बोलले. त्या शब्दांवर ती माहेरी गेली. माझा पुतण्या वीरधवल याने गल्लीभर केले की सुनेने तांबे भंगारात विकले.

कलम ४. गेल्या वर्षी हंगामात कुणाल उसाच्या ट्रॉलीखाली गेला. स्वप्ना आली आणि दारात उभी राहिली. वीरधवल म्हणाला, चोराला आत कशाला घ्यायचे. मी ऐकले आणि गप्प बसले. तिने दारातूनच नमस्कार केला आणि एसटीने परत गेली. पाणीसुद्धा कुणी विचारले नाही.

कलम ५. औषधाने माझी बोटे बधिर झाली, मणी कळेना, म्हणून कुणालची राहिलेली कामे कुणाकडून तरी पुरी करून घ्यायला आकडे-यंत्र मागवले. ते लावून रिकामे यंत्र फिरवले आणि एकेक मणी डोळ्यांनी बघत माळेशी ताडून पाहिले. पंच्याहत्तर माळा झाल्या आणि आकडा ८१०० दिसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवले. तेच. स्वप्नाचे साडेसात हजार बरोबर होते. जास्तीचे सहाशे वेढे माझे. कुणाल तिला चोर समजूनच गेला.

कलम ६. वीरधवलला काही देऊ नये. त्याने यंत्र वजनावर विकायचा भाव काढून ठेवला आहे असे कळते. त्याने दुकानाचे कुलूप उघडू नये.

कलम ७. बँकेतल्या पैशातून माझे दहन व तेरावा करावा, जेवण साधे. जेवणाआधी कलम ३, ४ व ५ मोठ्याने वाचावीत, मगच पाने मांडावीत. जपमाळ कुणालाच देत नाही, कृष्णेत सोडावी.

कलम ८. जुन्या गिऱ्हाइकांनी पूर्वीसारखा आवाज मागितला तर ८१०० वेढे भरावेत. स्वप्नाला हे काम करायचे नसले तर यंत्र विकून पैसे तिनेच ठेवावेत. माझ्या आत्म्याला वाईट वाटेल वगैरे कुणी तिला सांगू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: शालूबाई धनाजी थोरवडे
साक्षीदार: १) अर्जुना बाळू सावंत, निवृत्त हवालदार, शेजारी. २) धोंडुबाई गुंडा लोहार, शेजारीण.
इस्लामपूर, दि. ९ फेब्रुवारी २०२५.

चि. स्वप्ना हिस, ही प्रत रजिस्टर पोस्टाने तुला आधीच पाठवते. तेराव्यापर्यंत थांबणे म्हणजे पुन्हा गप्प बसणेच झाले. मला अजून एसटीत बसवते. तुझ्या भावासमोर उभी राहून हे मीच वाचायला यावे, की तुला माझे तोंड बघायचे नाही, एवढे उलट टपाली कळव.