उलटा ठोका

३ तारीख
घर झकास मिळालं. खाली पूर्वीचं तारघर, वर माझ्या दोन खोल्या, उजेड भरपूर. ताईने सामान लावून दिलं आणि जाताना बजावलं, की आता रडत बसायचं नाही.

बाहेरच्या खोलीत परातीएवढं घड्याळ आहे. त्याला स्वतःची चाल नाही. खालच्या मुख्य घड्याळाकडून विजेचा ठोका आला की काटा अर्धा मिनिट सरकायचा. मुख्य घड्याळ कधीच भंगारात गेलं आणि हे बिचारं हुकमाची वाट बघत बसलंय. आमच्या हिला, बायकोला, असल्या बिनकामाच्या वस्तूंचा भारी सोस. हिला जाऊन महिना झाला, तरी मी अजून चहा दोघांचा टाकतो.

७ तारीख
घड्याळाला ठोके देणारं सर्किट जुळवायला घेतलं. अट एकच: दर ठोक्याला विजेची दिशा बदलायची, एक ठोका सुलटा, पुढचा उलटा. तोच पुन्हा दिला तर काटा नुसता थरथरतो. दोनदा बोट भाजलं. खूप दिवसांनी भूक लागली.

११, सकाळ
चाललं. सुलट्या ठोक्याला आतल्या खोलीत कुणीतरी श्वास घेतला, उलट्याला सोडला. हिची घरघर मी ओळखणार नाही तर कोण? पलंग रिकामाच आहे. उशाशी बसून पोटभर रडलो, आनंदाने.

११, दुपार
घड्याळ जरा पुढे होतं. याचे काटे मागे येत नाहीत. ठोके बंद ठेवून खऱ्या वेळेची वाट बघायची, ही आम्हा घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांची रीत. सवयीने बंद केले. आत ती घुसमटली — चादर ओढली गेली — धावत येऊन चालू केलं. आता बंद करणार नाही.

११, साडेचार
घरघर वाढलीय. दवाखान्यात शेवटी होती तशी. पावणेपाचला गेली होती. काटा तिकडेच चाललाय. बंद केलं तरी — चालू ठेवलं तरी —

नंतर
वायर बदलली. सुलटाच ठोका, पुन्हा पुन्हा. काटा पावणेपाचच्या अलीकडे थरथरतोय. गेली नाही ती. पण नुसता श्वास घेतेय. घेतेच आहे. बाहेर टाकता येत नाही — पलंग करकरतोय — काय दशा केली मी हिची —

आत्ता बोलली. श्वास आत ओढतच.

“अहो, जाऊ द्या ना मला.”

कसं जाऊ देऊ. तुझ्यावाचून घर खायला उठतं गं.

उलटी वायर हातात आहे. लावली की तुझा श्वास सुटेल, आणि काटा पावणेपाचवर जाईल. लावतो. थांब, रडू नकोस, लावतोय—