गाडीची किल्ली तुझ्याकडे

सूनबाई,

गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवली आहे. आजपासून मुलांना शाळेत तूच सोड. पाय हलका ठेवलास की स्टिअरिंगसमोरच्या स्क्रीनवरची पट्टी हिरवी राहते आणि बॅटरी जास्त पुरते. माझी पट्टी हल्ली सारखी लाल व्हायची. मला वाटलं, स्क्रीनच बिघडलीय. मेकॅनिक शेजारी बसून एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "काका, गाडी ठणठणीत आहे. तुमचा पाय थरथरतोय." काल डॉक्टरही तेच म्हणाले. गोळ्या सुरू, गाडी बंद.

तुझ्या सासूबाईंना एवढ्यात काही बोलू नकोस, संध्याकाळी मीच सांगतो. पुढच्या तपासण्यांसाठी बसने जातोय. थांब्यापर्यंत अजून चालता येतं.

बाबा